गेटजवळचं ऊन

लंकाबाईच्या नाकावर राग असतो, असं मनमाडचे लोक म्हणायचे. ते काही खरं नव्हतं. नाकावरचा राग शिंकेसरशी उडून जातो. लंकाबाईचा राग लोणच्यासारखा मुरलेला होता. वर्षभर पुरायचा आणि आल्यागेल्यालाही वाढता यायचा. त्या रागाला कारणं होती आणि त्यातली बरीचशी रास्त होती, हे आधीच सांगितलेलं बरं.

तिचा नवरा पुंजाराम रेल्वेत गँगमन होता. उन्हातान्हात पहार घेऊन रूळ सरळ करण्यात त्याचा जन्म गेला आणि पाण्याच्या रांगेत उभं राहण्यात तिचा. त्यांच्या गल्लीतल्या नळाला पाणी कधी येईल ते कोणालाच सांगता यायचं नाही. आलं की तव्यावरची भाकरी तव्यावर टाकून पळायचं. एकदा एका बाईनं नंबर मोडून मध्येच घागर घुसवली, तर लंकाबाईनं ती घागर उचलून तिच्याच डोक्यावर उपडी केली होती. त्या घागरीतलं पाणी वाया गेलं याचं मात्र तिला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होतं. घरात पिंप, हंडे, डबे, जे म्हणून पाणी धरेल ते भरलेलं असायचं, आणि प्रत्येकावर फळी, फळीवर दगड. उघडं पाणी तिला बघवत नसे. धूळ पडते, डास होतात, कावळा चोच घालतो आणि ऊन तर बघता बघता पिऊन टाकतं. अंगणात भरलेलं भांडं उघडं दिसलं की ज्याचं असेल त्याचा उद्धार व्हायचा.

तिच्या घराभोवती कुंपण होतं ते काटेकोरांटीचं. घर बांधलं त्या वर्षी पुंजारामनं रुळाच्या कडेची रानातली कोरांटी आणून तिच्या काड्या चारी बाजूंनी खोचल्या होत्या. त्यांना कोणी कधी तांब्याभर पाणी घातलं नाही. खडकाळ मुरमात, नुसत्या उन्हावर ती वाढली. शेळी तिला तोंड लावत नसे, दात ठणकला की तिचा पाला चावायचा, आणि पाऊस ओसरला की दसऱ्याच्या सुमाराला सगळं कुंपण पिवळ्या फुलांनी भरून जायचं. पुंजाराम गेला त्या वर्षीही ते भरलं होतं. तेव्हा लंकाबाईला त्या फुलांचा राग आला होता, आणि मग आपल्याच रागाची लाज वाटली होती.

मुलगा समाधान नाशिकला. औषधांच्या कंपनीत एमआर, तोंडात साखर. डॉक्टरांना गोड बोलून बोलून त्याला सवयच लागली होती की समोरच्याला जे हवं ते आधी कबूल करून टाकायचं, पुढचं पुढं. पाथर्डी फाट्याला त्यानं रो-हाउस घेतलं आणि आईला म्हणाला, आता एकटी राहू नकोस, चल.

"मला थोडी उघडी जमीन पाहिजे," लंकाबाई म्हणाली. "फरशीवर बसून मी मरायची नाय."

"गेटजवळ आहे ना, आई. ती जागा तुझी. शब्द देतो."

दिवाळीनंतर लंकाबाई नाशिकला आली ती एक ट्रंक, एका पत्र्याच्या डब्यात खोचलेली कोरांटीची काडी आणि पुंजारामची पहार घेऊन. पहार एसटीत चढवताना कंडक्टरशी वाजलं, ते वेगळंच.

रो-हाउसपुढे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी माती होती, काळीभोर. पश्चिमेला टोलेजंग इमारत, एका बाजूला शेजाऱ्याची भिंत. ऊन यायचं ते फक्त गेटजवळच्या कोपऱ्यात, सकाळपासून दुपार टळेपर्यंत. बाकी सगळी ओलसर सावली, तिथे शेवाळाखेरीज काही येणं शक्य नव्हतं. लंकाबाईनं नेमका तो कोपरा पहारीनं खणला आणि कोरांटी लावली.

संध्याकाळी सून आली. भाग्यश्री अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होती. दिवसभर लोकांचा तयार माल चुकीचा ठरवून परत पाठवणं हेच तिचं काम, त्यामुळे ती घरी यायची तीही थोडी तापलेलीच. स्कूटी लावून ती त्या काडीसमोर उभी राहिली.

"आई, हे काय आहे?"

"कोरांटी."

"ते कळलं. इथे का? इथे माझं कमळ येणार आहे."

आता कमळ म्हणजे काय हे लंकाबाईला माहीत नव्हतं असं नाही. पण कमळ देवीच्या पायाखाली असतं, कॅलेंडरवर असतं. रो-हाउसच्या गेटजवळ कसं असेल? भाग्यश्रीनं सांगितलं की मोठा सिमेंटचा टब आणायचा, तळाशी गाळ भरायचा, वर काठोकाठ पाणी. कायम भरलेलं. उन्हाळ्यात कमी झालं की रोज वरून घालायचं.

लंकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काठोकाठ पाणी? कोणी प्यायचं नाय, कोणी भांडी घासायची नाय, नुसतं बघायचं?"

"हो. बघायचं."

"आमच्याकडं बाळंतिणीला अंघोळीला पाणी पुरत नव्हतं, आन् तू फुलाला टाकी बांधतेस!"

"तुमच्याकडे नव्हतं म्हणून आमच्याकडेही असू नये का?"

भाग्यश्रीचं माहेर घोटीकडचं. तिथे पाऊस सुरू झाला की कपडे वाळत नाहीत, भिंती पाझरतात आणि भाताच्या खाचरांत गुडघाभर पाणी असतं. तिच्या घरामागे तळं होतं. लहानपणी शाळेतून आली की दप्तर ओट्यावर टाकून ती तळ्याच्या काठाशी बसायची. पाण्यात कमळं असायची, पहाटे उमलायची आणि उन्हं चढली की मिटायला लागायची. मग तिकडे जमिनीला भाव आला आणि ते तळं कोणीतरी भराव टाकून बुजवून टाकलं. आता तिथे ढाबा आहे. भाग्यश्री तिकडे गेली की मागच्या दारात जात नाही. हे तिनं सासूला सांगितलंही, पण भांडणात सांगितलं, आणि भांडणात सांगितलेलं दुःख समोरच्याला दगडासारखं लागतं.

समाधान रात्री आला, दोघींची तोंडं पाहिली आणि म्हणाला, "अरे, एवढंच ना? दोन्ही लावू की." तो आत जाऊन जेवायला बसला. वाद मिटला अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

थंडी सरता सरता टब आला. एवढ्याशा उन्हाच्या कोपऱ्यात एका बाजूला तो बसला आणि त्याला टेकून कोरांटी. लंकाबाई रोज सकाळी त्या दोघांकडे बघायची आणि मनातल्या मनात दोघांचा हिशेब मांडायची. एकीला काही लागत नाही, दुसरीचे चोचले संपत नाहीत. एकीला काटे आहेत, म्हणजे ती स्वतःचं स्वतः बघते. दुसरीचं पान बोट लावलं तरी फाटतं. एकीची फुलं महिनोन् महिने येतात, दुसरीचं एक फूल दोन-चार दिवसांत गळून पडतं. नाशिकला पाणी आहे, नळ सोडला की धार लागते, मान्य. पण पाणी आहे म्हणून माजायचं का? हा हिशेब ती कोणालाही ऐकवायची, म्हणजे दूधवाल्याला आणि कचऱ्याच्या गाडीवाल्यालासुद्धा. भाग्यश्रीही काही कमी नव्हती. "लोक बागेत फुलं लावतात, आमच्याकडे बोराटी लावली आहे," असं ती फोनवर मुद्दाम मोठ्यानं बोलायची.

मग लंकाबाईची दाढ ठणकायला लागली. गाल टम्म सुजला, पाणी गिळवेना. कोरांटीचे दोन-चार पानांचे घोस होते, ते तिनं चावले. काही फरक पडला नाही. समाधान दौऱ्यावर होता आणि फोनवर "काळजी करू नकोस, मी बघतो" म्हणत होता. भाग्यश्रीनं कामाला सुट्टी टाकली, सासूला स्कूटीवर मागे बसवून दातांच्या डॉक्टरकडे नेलं, दाढ काढेपर्यंत तिचा हात धरून उभी राहिली आणि घरी येऊन मऊ, पातळ खिचडी करून दिली. सगळं करताना तिच्या कपाळाला आठी होती. एक शब्द गोड बोलली नाही. लंकाबाईला ते फार आवडलं. गोड बोलणाऱ्या माणसाचा तिला घरातच पुरेसा अनुभव होता.

उपकाराचं ओझं ठेवायची तिला सवय नव्हती. पण तोंडानं "बरं केलंस गं" म्हणणं म्हणजे हार मानल्यासारखं होतं. म्हणून तिनं ठरवलं की आपण त्या कमळाचं बघायचं. गुपचूप. चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. टबातलं पाणी रोज दोन बोटं खाली जात होतं, आणि नुसती पोरसवदा चपटी पानं पाण्यावर निजली होती. लंकाबाईला त्यांची कीव आली. भाग्यश्री कामाला गेली की ती जिन्याखालची जुनी फळी काढायची आणि टबावर नीट झाकायची, वर दगड ठेवायची. पाणी आटणार नाही, डास होणार नाहीत, कावळा बसणार नाही. संध्याकाळी स्कूटीचा आवाज यायच्या आधी फळी परत जिन्याखाली. सून बघेल, विचारेल, आणि मग आपण तिच्या झाडाची काळजी घेतो हे कबूल करावं लागेल, ही भीती.

पानं पिवळी पडू लागली, तशी तिनं फळी अजूनच घट्ट बसवली.

इकडे कोरांटीचंही काही खरं नव्हतं. खोड काळं पडत होतं. बुडाशी माती कायम ओली दिसायची. लंकाबाईची खात्री झाली की टब गळतोय. "बघा, स्वतः तर भरलेला, वर माझ्या कोरांटीच्या मुळाशी सांडतो," असं ती टबाला तोंडावर बोलायची. तिनं टबाला तडा शोधला, सापडला नाही.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी भाग्यश्री टबापाशी बसली आणि तिनं पाण्यात हात घालून शेवटचं पान उचललं. ते तिच्या बोटांवर लगद्यासारखं सुटलं. पाण्याला कुजका वास येत होता. समोरच्या घरातल्या बाई तेवढ्यात गेटशी आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "फळी नाही का झाकली आज आजींनी? रोज झाकतात की."

भाग्यश्री उठून आत आली. तिच्या हातात ते कुजलेलं पान तसंच होतं.

"आई, तुम्ही टब झाकत होता?"

"व्हय. मंग काय उघडं ठेवू? एवढं ऊन पडतंय."

"दिवसभर?"

"दिवसभरच ऊन असतं ना!"

"कमळाला ऊन लागतं हो! ऊन नसेल तर ते मरतं! मारलंत तुम्ही माझं कमळ!" भाग्यश्री किंचाळली, आणि तिच्या आवाजानं समोरच्या बाईंनी जागच्या जागी पाय रोवले.

"पाण्यातल्या झाडाला कशाला लागतंय ऊन?" लंकाबाईही ओरडली. "मी वाचवत होते त्याला! तुझ्या पाण्याची राखण केली मी, थेंब आटू दिला नाय. आन् तू काय केलंस? तुझ्या त्या फुटक्या टबानं माझी कोरांटी कुजवली!"

"टब फुटका नाहीये. पाणी मी घालत होते."

"काय?"

"तुम्ही अंघोळीला गेलात की रोज बादलीभर घालत होते. तुम्ही तर एक थेंब घालत नव्हता त्या बिचाऱ्याला. वाळून कोळ झालं असतं. तुमची दाढ काढली त्या दिवसापासून घालतेय." तिनं हातातलं कुजलेलं पान जमिनीवर आपटलं. "म्हटलं, निदान म्हातारीचं एक झाड तरी जगू दे!"

लंकाबाई खाली बसली. बादलीभर. रोज. काळ्या मातीत. तिनं बाहेर जाऊन कोरांटी धरून ओढली, तर ती हातातच आली. मूळ म्हणून काही उरलंच नव्हतं, बुळबुळीत काळा चिखल. एकीनं आपल्या गावची रीत पाळली, दुसरीनं आपल्या गावची, आणि दोघींनी मिळून दोन जीव मारले.

हे कळल्यावर दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडायला हवं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सासू-सुना लांबूनच पाहिल्या असाव्यात. रागावलेल्या माणसाला समोरच्याची चूक चालते. त्याचा चांगला हेतू मात्र सहन होत नाही, कारण मग रागावायचं कोणावर? दोघींनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. दुसऱ्या दिवशी भाग्यश्री रजा टाकून घोटीला गेली आणि लंकाबाईनं मनमाडची एसटी धरली. समाधाननं दोघींना वेगवेगळं समजावलं. दोघींनाही म्हणाला, "तुझंच बरोबर आहे."

मनमाडला लंकाबाई शेजारच्या नवसाबाईकडे उतरली. आपल्या बंद घराच्या कुंपणाशी गेली. वैशाख वणवा पेटला होता, दगडावर हात ठेववत नव्हता, आणि कोरांटी उभी होती. वरून वाळल्यासारखी, पण नखानं साल खरवडली की आत हिरवी.

"सुनेला काय म्हनून शिव्या घालतीस?" नवसाबाई म्हणाली. "पाणीच घातलं ना तिनं? इख तर नाय घातलं. आपल्याला जन्मात कोणी बादलीभर पाणी घातलं का कधी?"

लंकाबाईचा राग काही गेला नाही, फक्त त्याला बसायला पूर्वीसारखी ऐसपैस जागा उरली नाही. आठवड्यानं तिनं कुंपणाच्या चांगल्या जून काड्या तोडल्या, कोरड्या पेपरात गुंडाळल्या आणि नाशिकला निघाली. या खेपेला सुनेला समोर उभं करून सांगायचं होतं, की हिला पाणी घालायचं नसतं, बाई. आणि तुझ्या कमळाला ऊन लागतं, तर ते मी अडवणार नाय. एवढं बोलायची तिनं वाटभर तालीम केली. चांदवडच्या पुढे तर ती अर्धवट मोठ्यानंच बोलत होती.

पाथर्डी फाट्याला रिक्षातून उतरून ती गेटशी आली आणि थांबली. गेटच्या आत माती नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे लाल-करडे गट्टू बसवले होते, अगदी रेघेत, मध्ये बारीक रेती भरलेली. टब रस्त्याच्या कडेला उपडा पडला होता, त्याचा काठ फुटला होता. पायरीवर भाग्यश्री बसली होती, नुकतीच आलेली. बॅग शेजारी, आणि मांडीवर ओलं गोणपाट. गोणपाटातून घोटीकडून आणलेला कमळाचा कंद डोकावत होता, आणि त्यावर घट्ट गुंडाळलेलं कोवळं पान.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताठ बसलेल्या भाग्यश्रीचे डोळे लाल होते.

"तू सांगितलंस बसवायला?" लंकाबाईनं विचारलं.

"मला वाटलं तुम्ही."

भाग्यश्रीनं फोन लावला आणि आवाज मोठा करून पायरीवर ठेवला. समाधानचा आवाज आला, खूश होता. "पाहिलंस का? सरप्राइज! संध्याकाळी नवी गाडी घेऊन येतोय, लावायला जागाही झाली. आता भांडणाचं मूळच राहिलं नाही बघ. आई आली का? तिला सांग, गाडीतून तिला त्र्यंबकला नेणार आहे."

भाग्यश्रीनं फोन बंद केला. "हे घर बघायला आलो होतो ना आम्ही," ती गट्टूंकडे बघत म्हणाली, "तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. अंधारं वाटलं. तर यांनी मला इथे, ह्या उन्हात उभं केलं आणि म्हणाले, ही जागा तुझी. इथे तुझं तळं कर. शब्द देतो. म्हणून मी हो म्हटलं."

लंकाबाईच्या हातातला पेपर चुरगळला.

"शब्द देतो, म्हणाला?"

"हो."

"मलाबी. हीच जागा. ह्याच तोंडानं."

एवढे महिने ज्या रागानं दोघी एकमेकींना भाजत होत्या, तो राग चुकीच्या पत्त्यावर जात होता. तिसरा माणूस घरात रोज जेवत होता, दोघींचं ऐकत होता, मान डोलावत होता. त्याला ती जागा पहिल्या दिवसापासून गाडीसाठी हवी होती, आणि दोघींनी भांडून भांडून ती त्याला रिकामी करून दिली होती. लंकाबाईला आठवलं, तो कसा म्हणाला होता: दोन्ही लावू की. आयुष्यात ती पुष्कळदा रागावली होती, नळावर, रांगेत, देवावर. पण पोटच्या पोराचा असा स्वच्छ, थंड राग तिला कधी आला नव्हता.

तिनं पदर खोचला. "पहार कुठंय?"

पहार भिंतीशी पडली होती. गट्टूवाल्यांनी त्याच पहारीनं जमीन खणली होती आणि टोकाला अजून काळी माती चिकटलेली होती. लंकाबाईनं ती पदरानं पुसली. पुंजारामच्या हातानं मधोमध गुळगुळीत झालेली जागा होती, तिथे तिनं हात ठेवला.

"आई, तुमच्यानं होणार नाही. द्या इकडे."

"नुसतं उचलून आपटायचं नसतंय. आधी शिवणीत टोक घालायचं. मंग खाली दगड टेकव आन् सगळं अंग टाक पहारीवर. रूळ असाच उचलतात."

पहिला गट्टू निघेना. भाग्यश्रीनं अंग टाकलं, सासूनं तिच्या हातांवर हात ठेवून अंग टाकलं, आणि लंकाबाईच्या तोंडून आपोआप ती जुनी आरोळी निघाली, जी ती नवऱ्याचा डबा घेऊन रुळाकडेला जायची तेव्हा ऐकायची: "हैशा!" गट्टू उखडला. त्यानंतरचे फारसे नडले नाहीत. समोरच्या बाई दारात आल्या आणि काय चाललंय विचारू लागल्या. "बाग," भाग्यश्रीनं सांगितलं, आणि अजून एक गट्टू उखडून त्यांच्या दिशेनं फेकला. बाई आत गेल्या.

खाली मुरूम निघाला. चांगला तांबडा, रवाळ मुरूम. काळी माती काढून गट्टूंखाली तो ठोकून बसवला होता.

"मुरूम भरून ठेवलाय मेल्यानं," भाग्यश्री म्हणाली. "आता काय येणार यात?"

लंकाबाईनं मूठभर मुरूम उचलून बोटांतून सोडला. मनमाडचाच म्हणावा असा होता. "कोरांटी येतीय," ती म्हणाली. "हिला हेच लागतंय. आन् टब बसवायला घट्ट जमीन झाली." तिनं काड्या मुरमात खोचल्या आणि बोटानं दाबल्या. फुटक्या काठाचा टब दोघींनी लोटत आणला. फुटलेला भाग वरचाच होता, अर्ध्याच्या थोडं वर पाणी राहिलं असतं. भाग्यश्रीनं टबाखाली सांडलेला गाळ परत भरला, कंद आडवा ठेवला आणि पाईप सोडला. पाणी चढत गेलं. लंकाबाईची नजर सवयीनं जिन्याखालच्या फळीकडे गेली. ती उठली, फळी आणली, गुडघ्यावर ठेवून मोडायला बघू लागली. मोडली नाही, म्हणून रस्त्यापलीकडे भिरकावली.

"पाणी उघडं बघून जीव कासावीस होतोय माझा," ती म्हणाली. "पण बघीन. आन् भाग्यश्री, ह्या काड्यांना थेंब घातलास तर पहार डोक्यात घालीन."

"आणि तुम्ही टबावर ओढणी जरी वाळत घातली, तर मी पण बघून घेईन."

उन्हं कलली तेव्हा गाडी आली. पांढरी, नवी कोरी, पुढे झेंडूचा हार. समाधाननं गेटसमोर हॉर्न वाजवला आणि हसत काच खाली केली. मग त्याचं हसू हळूहळू गेलं. गेटच्या आत उखडलेल्या गट्टूंचा ढीग होता, ढिगाशेजारी टब, टबाशेजारी मुरमात उभ्या चार वाळक्या काड्या. आणि पायरीवर त्याची आई आणि बायको चिखलानं भरलेल्या हातांनी एकाच ताटलीतला चिवडा खात होत्या. मध्ये पहार आडवी ठेवलेली होती.

"हे काय केलं?" तो गाडीतून उतरत म्हणाला. "आई! भाग्यश्री! अगं, किती कष्टानं... म्हणजे, बोलायचं तरी. तुम्हाला पाहिजे तर आपण दोन्ही..."

"गप," लंकाबाई म्हणाली.

असा शब्द समाधाननं लहानपणी ऐकला होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, तिकडेही काही मिळालं नाही. मागे रिक्षावाला हॉर्न देत होता, कारण नवी गाडी रस्त्यात आडवी उभी होती.

"मग गाडी लावू कुठे?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "आणि ही जागा आहे तरी कोणाची?"

लंकाबाईनं चिवड्याचा घास संपवला, हात झटकले आणि पहार उचलून मांडीवर घेतली.

"ते आम्ही दोघी भांडून ठरवू," ती म्हणाली. "तुझी नाय, एवढं ठरलंय."